गळका तलाव आणि घरचा संगणक

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलावांची कामे निघाली. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथेही असा एक तलाव झाला. परंतु तो गळका निघाला. पावसाचे पाणी त्यात येई आणि विहिरींच्या उपयोगी न पडता निघून जाई. १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले. त्यानंतर गावकऱ्यांना बरोबर घेऊन जी कामे हाती घेण्यात आली, त्यांत या तलावाची दुरुस्ती हे आरंभीचे काम होते. ती झाल्यावर खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. राळेगणची पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. तिच्या मुळाशी असलेली ही साधी गोष्ट मात्र आपण विसरतो: तलाव नव्हता म्हणून गाव कोरडे नव्हते, असलेला तलाव राखला गेला नव्हता.

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण वरकरणी अगदीच वेगळे आहे. आज शिक्षकाच्या, कारकुनाच्या, कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक असणे ही नवलाई राहिलेली नाही. पगाराचे कागद, मुलांचे दाखले, बँकेचे व्यवहार, प्रश्नपत्रिका, परीक्षेचे अर्ज आणि दहा-पंधरा वर्षांची छायाचित्रे एवढा ऐवज त्या एका पेटीत साठलेला असतो. शिक्षकाच्या बाबतीत तर वर्गातील मुलांची माहितीही त्याच पेटीत असते, कारण शाळेचे बरेचसे ऑनलाइन काम संध्याकाळी घरीच उरकावे लागते. ही पेटी फुटली तर नुकसान एका घराचे राहत नाही. आणि तरीही तिच्या राखणीविषयी आपण सामान्यतः एकच प्रश्न विचारतो: ‘कोणता अँटिव्हायरस घेऊ?’ दुकानदार एक डबा पुढे करतो, आपण पैसे मोजतो आणि वर्षभर निश्चिंत होतो. तलाव बांधला, आता पाणी साठेलच, अशातलाच हा विश्वास आहे.

हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे असे नाही. एके काळी तो रास्तच होता. लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू १९८६ मध्ये फ्लॉपींवरून जगभर पसरला आणि वैयक्तिक संगणकांच्या रोगराईचे पर्व सुरू झाले. त्या काळच्या संगणकांना स्वतःचा पहारेकरी नव्हता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी १९९३ मध्ये संगणक-सेवेचा व्यवसाय उभा केला. दुरुस्तीला येणारी यंत्रे वारंवार विषाणूग्रस्त असतात, हे ध्यानात आल्यावर त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. त्यातूनच ‘क्विक हील’ हे नाव पुढे आले. मराठी माणसाच्या उद्यमशीलतेचा हा दाखला अभिमानास्पद आहेच. पण त्यातला बोध असा की, ही विद्या जन्मली ती दुरुस्तीच्या बाकावर.

तेव्हापासून परिस्थिती बदलली आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ऑपरेटिंग सिस्टीमबरोबरच पहारेकरी द्यावयास सुरुवात केली. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. जर्मनीत मागडेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्था अशा सॉफ्टवेअरची नियमित परीक्षा घेऊन निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. त्या निकालांत हा घरचा पहारेकरी अलीकडच्या वर्षांत विकतच्या नामांकितांच्या पंक्तीला बसलेला दिसतो. तेव्हा अधिकृत आणि अद्ययावत विंडोज असलेल्या सामान्य घराला वेगळा अँटिव्हायरस विकत घेणे अनिवार्य राहिलेले नाही. ज्याला अडचणीच्या वेळी फोनवर आपल्या भाषेत मदत हवी, किंवा मुलांच्या वापरावर मर्यादा घालण्याची सोय हवी, त्याने तो अवश्य घ्यावा. मात्र घेण्यापूर्वी दुकानदाराच्या शब्दाऐवजी या संस्थांचे निकाल पाहावेत आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पैसे पडतील तेही विचारून घ्यावे.

येथे राळेगणची पंचसूत्री उपयोगी पडते. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही ती पाच सूत्रे. ती संगणकाला जशीच्या तशी लावणे हास्यास्पद होईल. परंतु त्यांतले प्रमाण विचार करण्याजोगे आहे. पाचांपैकी चार सूत्रे निग्रहाची आहेत, एक कष्टाचे आहे. आणि विकत आणण्याचे एकही नाही. घरच्या संगणकाची सुरक्षाही याच प्रमाणात साधते.

पहिला निग्रह चोरीच्या प्रतीचा. आपल्याकडे संगणक घेताना ‘सगळे टाकून द्या’ असे म्हणण्याची रीत आहे आणि त्या ‘सगळ्या’त कुलूप तोडलेली सॉफ्टवेअरे बिनदिक्कत येतात. कुलूप तोडणारा छोटा प्रोग्रॅम चालवताना पहारेकऱ्याला काही वेळ झोपवावे लागते, हे अनेकांना ठाऊक असते. ज्याने हे कुलूप फुकट तोडून दिले, त्याचा त्यात लाभ काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. शिक्षकाने मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगावे आणि घरी चोरीच्या प्रतीवर प्रश्नपत्रिका टंकावी, यातली विसंगती केवळ तांत्रिक नाही. महागाईची सबब खरी आहे, पण अपुरी आहे. लिनक्स, लिबरऑफिस यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे विनामूल्य व निर्धोक मिळतात. केरळमधील सरकारी शाळांचे संगणक वर्षानुवर्षे मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत आहेत, आणि मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत.

दुसरा निग्रह अनावश्यक औषधांचा. संगणक मंदावला की ‘क्लीनर’, ‘बूस्टर’, ‘ऑप्टिमायझर’ अशा नावांची चूर्णे त्याला पाजण्याचा मोह होतो. सीक्लीनर हे या वर्गातले सर्वांत लोकप्रिय नाव. २०१७ मध्ये त्याच्याच अधिकृत आवृत्तीत घुसखोरांनी विष कालवले आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. जो झाडूवाला म्हणून घरात घेतला, त्याच्याच टोपलीतून चोर आत आला. वस्तुतः संगणक मंदावण्याची कारणे बहुधा साधी असतात: यंत्र सुरू होताच आपोआप उठणारे डझनभर प्रोग्रॅम, काठोकाठ भरलेली डिस्क, अपुरी मेमरी किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यांतली पहिली दोन विनाखर्च दूर करता येतात. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर पाच-सात वर्षांचे यंत्रही पुन्हा कामाला लागते. यांपैकी कशासाठीही चूर्णाची गरज नाही.

तिसरा निग्रह दुहेरी पहाऱ्याचा. एकापेक्षा दोन बरे, हा न्याय येथे लागू पडत नाही. प्रत्येक अँटिव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल मध्येच अडवून तपासतो. दोघांनी एकाच दारात उभे राहून एकमेकांची झडती घ्यावी तसा प्रकार होऊन यंत्र रखडते. आणि ‘फुकट’ हा शब्दही तपासून घ्यावा. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीने आपल्या ग्राहकांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती गोळा करून विकल्याच्या प्रकरणी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. राखणदार निवडताना तो चोर पकडतो की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो घरातल्या गोष्टी बाहेर सांगतो काय, हेही पाहावे लागते.

चौथा निग्रह परक्या हाताचा. बँकेतून बोलतो, संगणक कंपनीतून बोलतो, असे सांगून दूरस्थ प्रवेशाचे ॲप टाकावयास लावायचे आणि मग खाते रिकामे करायचे, ही पद्धत एव्हाना पुरेशी परिचित झाली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा एका ॲपच्या गैरवापराबाबत सावध केले होते. ॲप स्वतः दोषी नव्हते. दार आतून मालकानेच उघडून दिल्यावर कोणता पहारेकरी काय करणार? फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, कारण पैसे अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. घरातल्या घरातही हाच विवेक हवा. रोजच्या कामासाठी साधे खाते आणि नवे सॉफ्टवेअर टाकण्यासाठी स्वतंत्र परवलीचे खाते ठेवले, तर मुलाने खेळाच्या नादात उतरवलेली आगंतुक वस्तू सहजासहजी मुळापर्यंत पोहोचत नाही. मात्र हे त्याला समजावून करावे. राळेगणमध्येही दारूबंदीसाठी फटक्यांचा मार्ग अवलंबिला गेला, तो पुढे वादाचाच विषय झाला.

उरले श्रमदान, आणि तेच आपल्याला सर्वांत जड जाते. अपडेटची सूचना आली की ‘नंतर पाहू’ म्हणण्याची आपली सवय किती महागात पडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर घडले. विंडोजमधील एका गंभीर छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. ती न लावलेल्या संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ कोसळला आणि दीडशेहून अधिक देशांत त्याने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. एवढा गाजावाजा होऊनही दीड महिन्याने ‘नॉटपेट्या’ला जगभरातील यंत्रणांत पसरताना तेच छिद्र उपयोगी पडले, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक खाजगी टर्मिनल त्या जागतिक हल्ल्याच्या तडाख्यात सापडून तेथील काम विस्कळीत झाले. अर्थात अपडेट हेही निखालस वरदान नव्हे. हाच नॉटपेट्या मुळात युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता, आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक लोळवले. परंतु यातून निघणारा निष्कर्ष अपडेट टाळण्याचा नव्हे, तर कष्टाच्या दुसऱ्या कामाचा आहे. ते काम म्हणजे बॅकअप. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप लावतो. आठवड्यातला अर्धा तास एवढाच याचा खर्च. कोणत्याही डब्यात हा अर्धा तास विकत मिळत नाही.

एवढे सगळे नागरिकाच्या माथी मारून राज्यकर्त्यांना मोकळे सोडणे मात्र योग्य होणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक त्या दिवशी जुने ठरले. घरगुती ग्राहकांना कंपनीने दुरुस्त्यांची वाढीव सोय देऊ केली, पण ती मुदतीपुरतीच. गेल्या काही वर्षांत शिक्षक आणि कर्मचारी यांच्यावर ऑनलाइन कामाचा जो भार सरकारने टाकला, तो बऱ्याच अंशी त्यांच्या स्वतःच्या यंत्रांवर पेलला गेला आहे. जे सरकार माहिती मागते, त्याने ती जेथे भरली जाते त्या यंत्राच्या सुरक्षिततेची जबाबदारीही घेतली पाहिजे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू करून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य दिली. हा उपक्रम स्तुत्यच आहे. तथापि तो गावच्या शाळेपर्यंत मराठीतून पोहोचल्याखेरीज त्याचे सार्थक नाही. जुन्या यंत्रांवर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बसवून देणारे एक फिरते पथक प्रत्येक तालुक्याला मिळाले, तर कितीतरी यंत्रे भंगारात जाण्यापासून वाचतील. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा इच्छेची गरज अधिक आहे.

राळेगणच्या तलावाची दुरुस्ती करण्यासाठी कोणी परदेशातून नवे तंत्र आणले नव्हते. गळती कोठे आहे ते शोधले, ती बुजवली आणि पुन्हा गळणार नाही याकडे लक्ष ठेवले. आपल्या घरच्या पेटीचीही गरज याहून निराळी नाही. चोरीचे नको, अनावश्यक नको, दुहेरी नको, परक्याच्या हाती नको. आणि आठवड्यातून अर्धा तास आपले कष्ट हवेत. एवढे पाळणाऱ्याने कोणत्या कंपनीचा डबा घेतला, किंवा कोणताच घेतला नाही, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. न पाळणाऱ्याला मात्र सर्वांत महागडा डबाही तारू शकणार नाही.