सर्व्हरचा दरवाजा रस्त्यावर कशाला? जाणून घ्या ‘ओव्हरले नेटवर्क’चा उपयोग

दवाखान्यातल्या नोंदी, दुकानाचा हिशेब, शाळेची फी असा सगळा डेटा लिनक्स सर्व्हरवर असतो, पण तो सांभाळणारा माणूस बऱ्याचदा दुसऱ्याच गावात. मग सोय म्हणून एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवले जाते. थोड्याच वेळात सर्व्हरच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड टाकून पाहण्याचे प्रयत्न दिसू लागतात. यात वैयक्तिक वैर नसते. हे प्रोग्राम दिसेल त्या दाराची कडी वाजवतात.

ओव्हरले नेटवर्कमुळे हे दार रस्त्यावरून हलवता येते. खालचे इंटरनेट तेच राहते. त्यावर निवडक यंत्रांपुरते खासगी जाळे उभे राहते. प्रत्येक यंत्राला १०.८.०.२ यासारखा खासगी पत्ता मिळतो. मूळ पॅकेट एन्क्रिप्ट होऊन दुसऱ्या पॅकेटच्या पोटातून जाते. एसएसएच आणि डेटाबेस मग फक्त खासगी पत्त्यावर ठेवायचे.

यासाठी सध्या सोपा पर्याय वायरगार्डचा. २०२० मध्ये तो लिनक्स कर्नल ५.६ मध्ये आला, त्याच वर्षी ओपनबीएसडीतही. त्याचे एक यूडीपी पोर्ट उघडे लागते, पण ओळखीची किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही.

दुसरा उपयोग छोट्या कार्यालयांना जास्त पटेल. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही. अशा वेळी भाड्याचा एक छोटा क्लाउड सर्व्हर मध्ये ठेवायचा. कार्यालयातले यंत्र स्वतःच त्याला जोडले जाते आणि दर २५ सेकंदांनी छोटे पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवते. रात्रीचा बॅकअपही याच वाटेने जातो.

एक नेहमीची डोकेदुखी : लॉगिन होते, पण मोठी फाइल अडकते. बहुतेकदा दोष एमटीयूचा असतो. वरच्या वेष्टनाला जागा लागते, म्हणून १५०० बाइटऐवजी १४२० ठेवावे लागतात. काही जोडण्यांवर आणखी कमी.

मात्र याला ‘संपूर्ण सुरक्षा’ म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. वायरगार्डच्या किल्लीला मुदत नसते. नोकरी सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपमधली किल्ली कुणी यादीतून काढेपर्यंत चालूच राहते, आणि ती यादी कोण सांभाळतो हे अनेक ठिकाणी ठरलेलेच नसते. आणि हो, फायरवॉलवर २२ क्रमांक बंद करण्याआधी क्लाउड कंपनीच्या कन्सोलमधून आत जाता येते का, हे तपासून घ्या. नाहीतर बाहेर अडकणारे पहिले तुम्हीच असाल.