साधन सरकारचे, सांभाळ गावाचा

अपंग मुलांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कॅलिपर आणि वॉकर वाटण्याचा समारंभ आपल्याकडे आता चांगलाच रुळला आहे. तालुक्याच्या गावी मांडव पडतो, नावे पुकारली जातात, पुढाऱ्यांची भाषणे होतात, आणि दिवस मावळायच्या आत वाटपाचा आकडा दप्तरी दाखल होतो. त्या आकड्याशी आमचे भांडण नाही. ज्या मुलाने जन्मापासून घराच्या ओटीपलीकडचे जग पाहिलेले नाही, त्याच्या दारी खुर्ची आली ही गोष्ट कोणत्याही मापाने लहान नव्हे. परंतु टेम्पो ती खुर्ची उतरवून परत गेल्यावर कसाऱ्याच्या डोंगराखालच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावर तिचे पुढे काय होते, ती त्या मुलाच्या मापाची आहे काय, पहिल्या पावसानंतर ती चालते काय, आणि तिचे चाक निखळले तर ते कोण बसवून देणार, हे प्रश्न कोणत्याही एका खात्याच्या अखत्यारीत नीटसे बसत नाहीत, आणि म्हणून ते कोणी विचारीतही नाही. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुक्यांपुरते बोलायचे, तर साधन देणे हे सरकारचे कर्तव्य असले, तरी ते चालते ठेवण्याचे काम गावाने अंगावर घेतल्यावाचून होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या बाजूने पाहू गेल्यास उणीव फारशी सापडत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि अशा विद्यार्थ्याला लागणारी साहाय्यक साधने अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली. साधनांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. ती साधने बनविणारा कानपूरचा ‘अलिम्को’ हा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जाऊन मुले तपासावीत अशी २०१३ पासूनची योजना आहे. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षकांची तरतूद आहे. आणि महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच उभा केला. इतकी सगळी तजवीज असूनही पुष्कळदा खुर्ची पडवीत उभी राहते आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात. याची कारणे मुलाच्या शरीरात, गावच्या जमिनीत आणि घरच्या पोटापाण्यात शोधावी लागतात.

प्रथम शरीराचे. साधनांविषयीची आपली कल्पना पोलिओच्या काळात घडली. पोलिओने पाय लुळे पडत, पण त्या मुलाचे हात, पाठ आणि मान बहुधा शाबूत असत, आणि त्याला हाताने फिरवायची तीनचाकी किंवा पायाला कॅलिपर पुरत असे. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. आज जे मूल चालू शकत नाही ते पुष्कळदा सेरेब्रल पाल्सीचे असते: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी गुदमरणे, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ अशा कारणांनी मेंदूला इजा पोहोचलेले. त्याची मान ठरत नाही, पाठ सरळ राहत नाही, पाय ताठरून एकमेकांवर आडवे येतात. अशा मुलाला मोठ्या माणसाच्या मापाच्या, इस्पितळी घडणीच्या खुर्चीत बसवले की त्याची कंबर घसरत पुढे येते, मान एका अंगाला कलंडते, पावले फळीपर्यंत पोहोचत नाहीत. मग आई त्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीने पाठीशी बांधते, दोन्ही कुशींना गोधडीच्या घड्या खोचते, आणि तरीही भरवताना घास श्वासनलिकेत जाण्याचे भय राहतेच. वर्षानुवर्षे वाकड्या बैठकीत बसलेल्या मुलाचा कणा त्याच वाकणीत पक्का होत जातो. त्याला हवी असते ती कमरेला पट्टा, दोन्ही कुशींना टेकू, डोक्याला आधार आणि पावलांखाली नेमक्या उंचीची फळी असलेली बैठक. ती अंगाच्या मापाने बेतावी लागते, आणि मूल वाढते म्हणून ते माप पुनःपुन्हा घ्यावे लागते. हे योजनाकारांच्या ध्यानात आले नाही असेही नाही, कारण एडिपमध्ये तेच साधन पुन्हा मागण्यासाठी मोठ्यांना तीन वर्षांची मुदत असली, तरी बारा वर्षांखालील मुलांसाठी ती एकाच वर्षाची ठेवली आहे. परंतु ही सवलत किती पालकांना ठाऊक असते, आणि वर्ष सरल्यावर नवे माप घ्यायला कोण येतो?

दुसरे कारण जमिनीचे. गुळगुळीत फरशीसाठी घडविलेल्या खुर्चीची पुढची लहान चाके मुरमाड पायवाटेवर अडखळतात, भातखाचरांच्या बांधावर मावत नाहीत आणि आषाढाच्या चिखलात रुतून बसतात. जेथून आजारी माणसाला झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते असे पाडे या दोन तालुक्यांत आजही आहेत. तेथे चाकाला वाट कोठली? कुडाच्या घराचे दार अरुंद, उंबरठा उंच. शाळेला उतार बांधलेला असला तरी शौचालयाला पायरी. आणि चार महिन्यांच्या पावसाने सांधे गंजले, टायर फाटला, की जवळची सायकल दुरुस्तीची टपरी बाजाराच्या गावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अल्पसाधन प्रदेशांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत कसोटी स्पष्ट घालून दिलेली आहे: खुर्ची वापरणाऱ्याच्या गरजेला आणि त्याच्या भोवतालाला जुळणारी असावी, अंगाला नीट बसावी, आणि तिची देखभाल व दुरुस्ती तेथल्या तेथे परवडणाऱ्या खर्चात व्हावी. आपल्या देशाला ही गोष्ट नवी नाही. १९६८ च्या सुमारास जयपुरात शल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो रबरी पाय घडविला, तो अनवाणी शेतात जाणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या माणसाचे जगणे पाहूनच घडविला, आणि म्हणूनच तो खेड्यापाड्यांत गेला. अमेरिकेतील राल्फ हॉचकिस हे अभियंते स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणारे. त्यांनी गरीब देशांतील कारागिरांबरोबर बसून, त्या त्या ठिकाणी मिळणाऱ्या सायकलीच्या सुट्या भागांतून खडबडीत वाटेवर टिकणारी खुर्ची बनविली. जेथे दुरुस्ती होते तेथेच साधन टिकते, हा दोन्ही उदाहरणांतला समान धडा आहे.

तिसरे कारण पोटापाण्याचे. अपंगत्वाचा दाखला, ओळखपत्र, मोजमाप, मंजुरी आणि वितरण या प्रत्येक पायरीला एक हेलपाटा आणि प्रत्येक हेलपाट्याला एक बुडालेला रोज, असा हिशेब मजुरी करणाऱ्या आईबापांना पडतो. शिवाय दहा वर्षांचे, अंग सावरता न येणारे मूल खांद्यावर घेऊन मुरबाडहून एस. टी. ने कल्याण गाठायचे किंवा आसनगावला लोकलच्या गर्दीत शिरायचे, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. भातसा आणि तानसा या शहापूरच्या जलाशयांचे पाणी मुंबईत हाजीअलीपर्यंत नळाने बिनतक्रार पोहोचते. तेथेच असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेपर्यंत शहापूरचे मूल मात्र सहजी पोहोचत नाही. त्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे घेऊन निघालेल्या टेम्पोत खुर्चीला जागा नसते. ती कुलूपबंद घरात राहते, आणि वर्षाचे निम्म्याहून अधिक दिवस मूल भट्टीवरच्या झोपडीत जमिनीवर पडून काढते. याच जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून मुलांमागे शाळा नेली होती. मग मुलामागे बैठक नेणे अशक्य का मानावे?

येथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. ज्या गावाला स्वतःच्या रस्त्याची आणि पिण्याच्या पाण्याची भ्रांत आहे, त्याने सरकारने करायचे काम आपल्या शिरावर का घ्यावे? यावर आमचे उत्तर असे, की गावाने सरकारची जागा घ्यावी असे आम्ही म्हणतच नाही. साधनाचा खर्च, डॉक्टर, भौतिकोपचार तज्ज्ञ आणि रस्ता हे शासनाचेच देणे आहे आणि ते वसूल झाले पाहिजे. परंतु वसुलीचा तगादा एकटी आई लावू शकत नाही, तो गाव लावू शकते. लावणीच्या दिवसांत ज्याच्या घरी मनुष्यबळ नाही त्याचे शेत इर्जिक घालून उरकणाऱ्या आणि देवाच्या जत्रेसाठी घरटी वर्गणी काढणाऱ्या समाजाला एकत्र येण्याची रीत नव्याने शिकवावी लागत नाही. ती रीत या मुलांपर्यंत पोहोचलेली नाही, कारण त्यांचे अपंगत्व हा त्या त्या घराचा भोग मानण्याची सवय अजून गेलेली नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण निरुत्तर करणारा नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा हुकूम आहे. ज्या पंचायतीचे घरपट्टी-पाणीपट्टीचे उत्पन्न चार लाख धरले, तिच्या वाट्याला वर्षाला वीस हजार येतात. अनेक ठिकाणी ते लाभार्थ्यांमध्ये थोडेथोडे वाटून संपतात, आणि त्यातून कोणाच्याच जगण्यात फरक पडत नाही. याच रकमेचा काही भाग पाच-दहा पंचायतींनी एकत्र केला, तर सुट्या भागांचा साठा आणि एका कारागिराचा फिरता मेहनताना सहज निघेल. संपूर्ण शहापुरात आणि मुरबाडच्या काही भागात पेसा कायदा लागू आहे. तेथील ग्रामसभांच्या हाती २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी येतो, आणि तो कशावर खर्चावा हे ठरविण्याचा अधिकार गावकऱ्यांचाच आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील आणि आसनगाव-वाशिंद पट्ट्यातील जे मोठे कारखाने कंपनी कायद्याच्या निकषांत बसतात, त्यांना सामाजिक कार्यासाठी दोन टक्के नफा वेगळा काढावा लागतो. त्यांच्याकडे वाटपासाठी आणखी खुर्च्या मागण्यापेक्षा त्यांचा वेल्डर आणि त्यांची कर्मशाळा महिन्यातून एक दिवस मागणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आमच्या सूचना थोडक्यात अशा. पहिली, प्रत्येक ग्रामपंचायतीने अशा मुलांची आणि त्यांच्या साधनांची नोंदवही ठेवावी. तीत साधन केव्हा मिळाले याखेरीज ते आज वापरात आहे की नाही, नसल्यास का नाही, आणि पुढचे माप केव्हा घ्यायचे, हे रकाने असावेत, आणि गटविकास अधिकाऱ्यांनी दर सहामाहीस त्यांची रुजुवात घ्यावी. दुसरी, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मोजमाप व जुळणीचे केंद्र चालावे, म्हणजे त्यासाठी ठाणे-मुंबई गाठण्याची तसदी उरणार नाही. तिसरी, तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकाम आणि जोडारीच्या विद्यार्थ्यांना या केंद्रातील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बैठका, टेकू, उतार आणि आधाराचे बांबू-लाकडी दांडे बनविण्याचे काम अभ्यासाचा भाग म्हणून द्यावे. चौथी, मुलाला अपुरे पडू लागलेले साधन अडगळीत न टाकता परत घेऊन, धुऊन-दुरुस्त करून दुसऱ्या मुलाला देणारी साधनपेढी तालुक्याला एक असावी. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबालाही तिने हंगामापुरती हलकी, घडीची बैठक उसनी द्यावी. पाचवी, पाणंद आणि पायवाटेची कामे निवडताना ज्या घरी असे मूल आहे, त्या घरापासून शाळेपर्यंतची वाट आधी धरावी. तिचा उपयोग म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना आणि पाण्याचे हंडे आणणाऱ्या बायांनाही होईल.

यांतली एकही सूचना अद्‌भुत नाही, आणि महाराष्ट्राच्या परंपरेला सोडून तर नाहीच. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अपंग बालकांसाठी जे उपचारकेंद्र काढले, त्यातूनच पुढे हाजीअलीचे बालकांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापून अपंग मुलांना वसतिगृह आणि शाळा मिळवून दिली. दोघींनीही दयेची याचना केली नाही; ज्यांच्या घरी हा प्रश्न नव्हता त्यांनाही त्यांनी तो आपला मानायला लावले. परंतु अशी असामान्य माणसे तालुक्याला एक या प्रमाणात जन्मत नाहीत, आणि त्यांची वाट पाहत बसणे मुलाला परवडणारे नाही, कारण बैठक चुकली तर कणा वाकतो तो वाढीच्या वयातच, आणि शाळेची हातची गेलेली वर्षे कोणत्याही शासननिर्णयाने परत येत नाहीत. असामान्य व्यक्ती जे काम करतात ते सामान्य गावाला करता येण्याजोगे करून ठेवणे, यासाठीच पंचायती आहेत.

वर्षभरात ग्रामसभा किमान चार तरी व्हायच्या असतात. त्यांतली जी पुढे येईल तिच्या विषयपत्रिकेवर आपल्या गावातील या मुलांचा विषय पहिला ठेवावा, अशी विनंती आम्ही शहापूर आणि मुरबाडच्या सरपंचांना करीत आहोत. त्या दिवशी आशा, अंगणवाडीसेविका आणि विशेष शिक्षक यांना बोलवावे, पालकांना बोलते करावे, मुलांनाही आणावे. आणि सभेच्या जागी त्यांतले एखादे मूल पोहोचू शकत नाही असे आढळले, तर सभेची जागा बदलणे हाच त्या दिवसाचा पहिला ठराव असावा.