राजदूत कोणाचा?

दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील द्वारका हे उपनगर सरकारी कागदपत्रांत एकेकाळी ‘पप्पनकलां प्रकल्प’ या नावाने ओळखले जात असे. पोचनपूर, ककरोला यांसारख्या गावांच्या शेतजमिनी संपादन करून दिल्ली विकास प्राधिकरणाने तेथे सेक्टर पाडले. त्यांपैकी सेक्टर 24 मध्ये परदेशी वकिलातींच्या दुसऱ्या वसाहतीसाठी जमीन राखून ठेवण्यात आली. शेजारच्या सेक्टर 25 मध्ये 17 सप्टेंबर 2023 रोजी पंतप्रधानांनी ‘यशोभूमी’ या अवाढव्य परिषद-संकुलाचे उद्घाटन केले. आठवडाभर आधीच राजधानीत जी-20 राष्ट्रांची शिखर परिषद पार पडली होती आणि ‘विश्वगुरू’ या बिरुदाचा गजर शिगेला पोचला होता. त्या गजरात एक साधा प्रश्न विचारायला कोणालाही उसंत नव्हती: या वकिलातींत आणि सभागृहांत वावरणारा भारताचा मुत्सद्दी जगापुढे नेमके कोणाचे प्रतिनिधित्व करतो?

हा प्रश्न नवा नाही. सत्तर वर्षांपूर्वी तो नैरोबीत उभा राहिला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी मुत्सद्दी होता.

अप्पासाहेब पंत हे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. जन्म 1912 चा. शिक्षण ऑक्सफर्डला, नंतर बॅरिस्टरी. अशा घरातला मुलगा ब्रिटिश सत्तेचा निष्ठावंत सेवक व्हावा हाच त्या काळचा रिवाज होता. परंतु 1939 साली औंधच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या साह्याने आपले अधिकार ग्रामपंचायतींकडे सोपविणारी राज्यघटना जाहीर केली. त्या प्रयोगात अप्पासाहेब आघाडीवर होते. पुढे ते संस्थानचे पंतप्रधानही झाले. 1942 नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा त्याचे एक प्रमुख ठाणे असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानातलेच होते. ज्या नाना पाटलांना साताऱ्याने 1957 साली आणि बीडने 1967 साली कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाठविले, त्यांच्या लढ्याची ही भूमी होती. संस्थानिकाच्या सदिच्छेवर उभ्या असलेल्या सुधारणेला कोणी वर्गसंघर्षाचा पर्याय मानू नये. तरीही खालून उसळलेल्या लढ्याच्या रेट्याने वरच्या वर्गातली काही माणसे कशी बदलतात, याचे औंध हे लक्षणीय उदाहरण आहे.

1948 साली संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून पाठविले. केनियातील तत्कालीन समाजरचना ध्यानी घेतल्याशिवाय या नेमणुकीचे मर्म कळणार नाही. साम्राज्याने युगांडा रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार करारबद्ध मजूर नेले होते. त्यांपैकी सुमारे 2,500 जणांनी तेथेच प्राण सोडले. त्यांच्यामागून दुकानदार, कारागीर व कारकून गेले. सुपीक उंच पठारे गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखीव होती, भूमिपुत्र किकुयू शेतकरी स्वतःच्याच जमिनीवर उपरे ठरले होते, आणि या दोघांच्या मध्ये हिंदी व्यापारी बसविला गेला होता. तो गोऱ्यांकडून अपमान गिळत होता आणि आफ्रिकींशी तुटकपणे वागत होता. साम्राज्यवादाला हवी होती ती नेमकी हीच उतरंड.

या उतरंडीवर अप्पासाहेबांनी पहिला घाव घातला. आफ्रिकेत राहणाऱ्या हिंदी लोकांनी आफ्रिकी जनतेचे हित अग्रक्रमाने मानावे, हे भारत सरकारचे धोरण त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकींत परखडपणे मांडले. ते अनेकांना मानवले नाही. वर्णभेदाने बरबटलेल्या नैरोबीत त्यांच्या घराचे दरवाजे जोमो केन्याटा व इतर आफ्रिकी नेत्यांना खुले होते. आफ्रिकी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन भारतातील विद्यापीठांत पाठविण्याच्या कामाला त्यांनी गती दिली. 20 ऑक्टोबर 1952 रोजी केनियात आणीबाणी पुकारण्यात आली, केन्याटा यांना अटक झाली आणि कापेनगुरिया येथे खटल्याचे नाटक उभे राहिले. बचावासाठी इंग्लंडहून डी. एन. प्रिट आले, भारतातून दिवाण चमनलाल गेले, नैरोबीतील अच्छरू कपिला, जसवंत सिंग आणि गोमंतकीय वंशाचे फिट्झ डिसूझा हे तरुण वकील त्यांच्या जोडीला उभे राहिले. एप्रिल 1953 मध्ये केन्याटा यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. वसाहत सरकारच्या दृष्टीने भारताचा आयुक्त आता असह्य झाला होता. लंडनहून दिल्लीकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला.

नेहरूंनी काही काळ आपल्या आयुक्ताची बाजू सांभाळली, हे नमूद केले पाहिजे. परंतु 1954 साली अप्पासाहेबांना नैरोबीहून हलविण्यात आले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली! एका हाताने सन्मान आणि दुसऱ्या हाताने बदली, या दोन कृतींत तत्कालीन परराष्ट्र धोरणाचे दुहेरी स्वरूप जसे दिसते तसे ते कोणत्याही प्रबंधात दिसणार नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या वारशाने राज्यकर्त्या भांडवलदार वर्गाला वसाहतवादविरोधी भूमिका घ्यायला लावली होती. राष्ट्रकुलाशी जडलेले हितसंबंध त्याच भूमिकेला वेसण घालीत होते. मुत्सद्द्याची निष्ठा कितीही सच्ची असली, तरी तिची दोरी ज्या वर्गाच्या हाती असते तो वर्ग ती केव्हाही आखडू शकतो.

अप्पासाहेबांची पुढील कारकीर्द प्रदीर्घ होती. सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि शेवटी इटली. सिक्कीममध्ये तर त्यांना ‘पोलिटिकल ऑफिसर’ हे ब्रिटिशांनी मागे ठेवलेले पदनामच धारण करावे लागले. वसाहतवादाशी झुंजलेल्या माणसाच्या अंगावर वसाहतवादाचा जुना अंगरखा! 1992 साली त्यांचे निधन झाले. ही सारी मानाची पदे एका पारड्यात आणि नैरोबीची सहा वर्षे दुसऱ्या पारड्यात घातली, तर नैरोबीचेच पारडे जड ठरेल.

अर्थात केनियाचे स्वातंत्र्य राजदूताच्या दिवाणखान्यात जन्मले नाही. 1950 च्या एप्रिलमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी जाहीर सभेत करणारे कम्युनिस्ट कामगार नेते माखनसिंग त्याच वर्षी गजाआड गेले, ते 1961 मध्ये सुटले. गोमंतकीय कुळातले समाजवादी पत्रकार पिओ गामा पिंटो 1954 साली स्थानबद्ध झाले. स्वतंत्र केनियात जमिनीच्या फेरवाटपाचा आग्रह धरणाऱ्या या माणसाची फेब्रुवारी 1965 मध्ये नैरोबीत गोळ्या घालून हत्या झाली. या दोघांना कोणी पद्मश्री दिली नाही. आणि आणीबाणीत छळछावण्यांतून भरडलेल्या हजारो किकुयूंपैकी 5,228 वृद्धांना 2013 साली भरपाई देताना ब्रिटिश सरकारने जे शब्द उच्चारले, त्यांत खेद होता. कायदेशीर जबाबदारीची कबुली नव्हती.

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सेवेतील अधिकाऱ्यांची गत वेगळी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे शंभरावे कलम त्यांना कोणत्याही सरकारचा आदेश स्वीकारण्यास मनाई करते. प्रत्यक्षात काय घडते? रासायनिक अस्त्रबंदी संघटनेचे पहिले महासंचालक, ब्राझीलचे मुत्सद्दी होझे बुस्तानी, इराकला त्या कराराच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न करीत होते. तो यशस्वी झाला असता तर युद्धाचे निमित्तच हुकले असते. एप्रिल 2002 मध्ये अमेरिकेने मतदान घडवून आणून त्यांना पदावरून दूर केले. वर्षभराने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या न्यायाधिकरणाने ही हकालपट्टी बेकायदा ठरविली, परंतु तोवर बगदाद पडले होते.

आता आजच्या दिल्लीकडे वळू. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझातील युद्ध थांबविण्याच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला. डिसेंबरमध्ये युद्धबंदीच्या बाजूने मत पडले. 12 जून 2025 रोजी 149 राष्ट्रे युद्धबंदीच्या बाजूने उभी असताना भारत पुन्हा तटस्थांच्या 19 जणांत जाऊन बसला. सप्टेंबर 2025 मध्ये द्विराष्ट्र तोडग्याला मात्र पाठिंबा मिळाला. यात आपल्या मुत्सद्द्यांच्या बुद्धीचा दोष नाही. बुद्धी पूर्वीइतकीच तल्लख आहे. तिला मिळणारे आदेश बदलले आहेत, कारण शस्त्रखरेदी आणि बड्या उद्योगसमूहांचे करार यांची गणिते आज परराष्ट्र खात्याच्या मेजावर आधी मांडली जातात. 1953 साली दिल्लीला निदान लंडनच्या तक्रारींची वाट पाहावी लागली होती.

या गणितातील एक रक्कम द्वारकेपासून फार दूर नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये भारत व इस्रायल यांच्यात बांधकाम कामगार पाठविण्याचा करार झाला. पॅलेस्टिनी मजुरांना ज्या कामांवरून हुसकावले गेले होते, त्या जागा भरण्यासाठी जानेवारी 2024 मध्ये हरियाणातील रोहतक येथे भरतीच्या रांगा लागल्या. गवंडी, सुतार, फरशीवाले यांच्याबरोबर बेकार पदवीधरही थंडीत ताटकळत उभे होते. युगांडा रेल्वेच्या मजुरांची भरती झाली तेव्हा कामगारांच्या वतीने आक्षेप घेणारी संघटना देशात नव्हती. या वेळी केंद्रीय कामगार संघटनांनी कराराला उघड विरोध केला. तो विरोध संसदेच्या दोन्ही सभागृहांत नेणे, युद्धग्रस्त भूमीवर पाठविलेल्या कामगारांच्या विम्याचा, वेतनाचा व सुरक्षेचा हिशेब मागणे आणि आमसभेतील प्रत्येक तटस्थ मतामागचे कारण सरकारला सभागृहात मांडायला लावणे, हे काम डाव्या पक्षांच्या खासदारांपुढे आहे.