रुमालात बांधलेल्या पिढ्या

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत ‘पणजोबांचे नाव काय?’ हा प्रश्न जितक्या वेळा विचारला गेला, तितका त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांत क्वचितच विचारला गेला असेल. एरवी वंशावळ ही श्राद्धपक्षापुरती किंवा वाटणीच्या दाव्यापुरती आठवायची बाब. आता ती तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या हातातील कागद झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधाराने निर्णय निघाला. त्यानुसार गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नात्याची व कुळाची चौकशी करू लागली.

आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषय नाही. त्याची बाजू मांडणारे आणि खोडणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या वादाच्या निमित्ताने जी एक गोष्ट उघडी पडली, तिच्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट म्हणजे आपल्या दप्तरांची अवस्था. समितीच्या पहिल्या अहवालाच्या वेळी, ऑक्टोबर २०२३ अखेर, सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासून सुमारे साडेअकरा हजार नोंदी मिळाल्याचे सांगण्यात आले. म्हणजे सरासरी दर दीड हजार कागदांमागे एक नोंद! हे आकडे ऐकून कुणी म्हणाले, नोंदी फार थोड्या. कुणी म्हणाले, अजून शोधा. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न निराळाच आहे. एका नोंदीसाठी दीड हजार कागद का चाळावे लागतात? सूची कोठे आहे?

उत्तर सोपे आहे: बहुतेक ठिकाणी ती नाही. दप्तर आहे, ते रुमालात बांधलेले आहे, रुमाल फडताळात आहे. पण त्यात काय आहे हे सांगणारी यादी नाही. आणि यादी करायची म्हटली तर मराठवाड्यात तीन अडचणी एकत्र येतात. त्या महाराष्ट्राच्या इतर भागांत इतक्या तीव्र नाहीत.

पहिली अडचण लिपीची आणि भाषेची. हैदराबाद संस्थानाचा कारभार आधी फार्सीत चाले. १८८४ च्या सुमारास त्याची जागा उर्दूने घेतली. गावचा कुलकर्णी मात्र आपला हिशेब मोडीत लिहीत राहिला. त्यामुळे एकाच शेताची हकीकत गावात मोडीत, तालुक्याला उर्दूत आणि जुनी सनद असली तर फार्सीत, अशी तीन ठिकाणी विभागली गेली. आज या तिन्ही लिहिण्यांचा अर्थ लावू शकणारी माणसे जिल्ह्यात बोटांवर मोजता येतील.

दुसरी अडचण कालगणनेची. निजामी कागदावर इसवी सन नसतो, फसली साल असते; महिनेही आजूर, दै, बहमन असे. फसली १३४० म्हणजे इसवी १९३०-३१ चे वर्ष. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती आजोबांच्या शाळेचा दाखला आला तरी तो निरुपयोगी ठरतो. जातीच्या दाखल्यासाठी तर तारखेला फार महत्त्व आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मराठवाड्यातील माणसाला या तारखांच्या मागे जायचे तर थोड्याच पावलांत तो फसली सालांत शिरतो.

तिसरी अडचण सरहद्दींची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे पाच होते. आज ते आठ आहेत. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. तेव्हा उदगीरच्या माणसाने आपल्या आजोबांचा कागद लातूरला शोधावा, धाराशिवला, बिदरला की हैदराबादला? संस्थानचे मध्यवर्ती दप्तर तर हैदराबादेतच राहिले. आपल्या शहरातील किल्ले अर्कमध्ये असलेली मोगल काळातील कागदपत्रेही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हैदराबादला नेण्यात आली. आज ती तेलंगण राज्याच्या अभिलेखागारात आहेत. राज्ये वेगळी झाली, माणसे वाटली गेली, महसूल वाटला गेला. कागद मात्र वाटले गेले नाहीत, आणि त्यांच्या पुरेशा प्रतीही इकडे आल्या नाहीत.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो? गेल्या वर्षी माझ्या वर्गातील पैठण तालुक्याचा एक विद्यार्थी सलग काही दिवस दिसला नाही. परत आल्यावर कारण विचारले, तर म्हणाला, ‘सर, दाखल्यासाठी कचेरीत चार खेपा झाल्या. रजिस्टर सापडलं, पण उर्दू वाचणारे रजेवर आहेत.’ त्याच्याबरोबर प्रत्येक खेपेस त्याचे वडील येत, म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे आणि वडिलांची बुडालेली मजुरी. अखेर एका निवृत्त शिक्षकांनी ते पान पाच मिनिटांत वाचून दिले. पाच मिनिटांच्या कामासाठी चार दिवस! हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो सरकारच्या नव्हे, गरिबाच्या खिशातून होतो. आणि जेथे माहिती दुर्मीळ तेथे दलाल आलाच; सूची नसणे हेच त्याचे भांडवल असते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, कागद सापडणे न सापडणे हे पुष्कळदा पूर्वीच्या मालमत्तेवर अवलंबून असते. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा मराठवाड्यातील जमिनीचा सर्वांत आधाराचा कागद मानला जातो. त्यात नाव असते ते जमीनधारकाचे, फार तर कुळाचे. ज्याला जमीनच नव्हती त्याचे नाव कोठे शोधायचे? महार वतनदारांचे नाव हाडोळ्याच्या इनामामुळे एखाद्या इनाम-पत्रकात मिळते. पण पालावर राहणाऱ्या भटक्याचे गावच ठरलेले नसे, मग नोंद कोठून असणार? स्त्रियांचे तर विचारूच नये. नवरा वारल्यावर शेताला नाव लागले तरच ती कागदावर येते. एरवी चार पिढ्यांच्या वंशावळीत एकाही आजीचे नाव नसते. गॅझेटिअरमध्ये जमातींची संख्या मिळते, माणसाचे नाव मिळत नाही. सर्वांत जास्त पुरावा ज्याच्याकडे मागितला जातो, त्याच्याच घरी पुरावा सर्वांत कमी, असा हा उफराटा हिशेब आहे.

इंग्लंडमध्ये प्रत्येक धर्मग्रामाने जन्म-विवाह-मृत्यूची वही ठेवावी असा हुकूम १५३८ मध्ये निघाला. हिंदुस्थानातील छावण्यांतील गोऱ्या शिपायांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही लंडनला जात आणि तेथे त्यांची सूची होई. जालन्याच्या छावणीत जन्मलेल्या इंग्रज मुलाचा पणतू घरबसल्या आपल्या पूर्वजाचा शोध घेऊ शकतो. त्याच छावणीला चारा पुरवणाऱ्या शेतकऱ्याच्या पणतूला ती सोय नाही. आपल्याकडे कागद कमी होते असे मुळीच नाही. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेल्या. भाट आणि हेळवी वंशावळी सांगत गावे फिरत. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांच्या चित्रफिती अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तयार करायला घेतल्या. आपल्या वह्यांचे मोल सातासमुद्रापलीकडच्या लोकांना कळले, हे आपल्याला फारसे भूषणावह नाही.

मग करावे काय? कायद्याची उणीव नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा. उणीव आहे ती माणसांची आणि सातत्याची. प्रथम, प्रत्येक तालुक्याच्या जुन्या दप्तराची गाववार, सालवार व आडनाववार सूची करावी आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता यावी. नुसती छायाचित्रे घेऊन ती संगणकात ठेवणे म्हणजे फडताळातील रुमाल दुसऱ्या फडताळात नेणे होय. दुसरे, तेलंगणाशी रीतसर करार करून मराठवाड्यासंबंधीच्या कागदांच्या प्रती आणाव्यात. तिसरे, विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी मोडी व जुन्या उर्दू हस्ताक्षराचे वाचन शिकवावे. आमच्याकडे पदवीधर बेकारांची वाण नाही. प्रत्येक तहसिलीत असे दोन वाचक मानधनावर नेमले तरी खोळंबलेली कामे मार्गी लागतील. चौथे, खाजगी वह्यांच्या मालकांचा हक्क आणि मान राखून त्यांच्या प्रती कराव्यात.

यावर कोणी म्हणेल, सूची उघडी झाली तर जमिनीचे मिटलेले वाद उकरले जातील, बनावट नोंदी घुसवल्या जातील. भीती अगदीच खोटी नाही. परंतु बनावट नोंद घुसते ती अंधारात. ज्या पानाची प्रत आणि सूची एकदा सर्वांसमोर आली, त्यात मागाहून एक ओळ वाढवणे अवघड होते. शिवाय जेथे कागद मुळातच नाही तेथे वडीलधाऱ्यांची साक्ष, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, नातेवाइकांचे दाखले यांना किती वजन द्यायचे, याचे नियम स्पष्ट व सर्व समाजांना सारखे असावेत. ज्यांच्या पूर्वजांना लिहू दिले नाही, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागत राहणे हा न्याय नव्हे.

आजची घाई एका प्रश्नामुळे आहे. तो उद्या या ना त्या मार्गाने मिटेल. समित्या अहवाल देऊन विसर्जित होतील, मोडीवाचक आपापल्या घरी जातील आणि रुमालांच्या गाठी पुन्हा बसतील. तसे होऊ द्यायचे नसेल तर सूचीचे काम आताच, सर्व जातींसाठी आणि सर्व गावांसाठी हाती घेतले पाहिजे. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा आपण रस्ते, पाणी आणि रेल्वे यांच्या भाषेत नेहमी करतो. त्या यादीत दप्तरांचाही अनुशेष लिहावा. तो भरून काढायला धरण बांधावे लागत नाही. फक्त गाठ सोडून, वाचून, नीट लिहून ठेवावे लागते.