सिस्टरचे दोन शब्द

मंडळी, विमा नाही म्हणून ताप अंगावर काढणारी माणसं शारजा-अजमानमध्ये आम्ही पुष्कळ पाहिली. अबुधाबीत २००६ पासून विमा सक्तीचा. दुबईचा कायदा २०१३ चा. उरलेल्या पाच अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून खाजगी कंपन्यांतले कामगार व घरकामगार यांनाही तो लागू झाला. व्हिसा काढताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी विमा उतरवायचा; मूळ पॉलिसी वर्षाला ३२० दिरहमची, आणि पैसे मालकाने भरायचे!

पण हे कामगाराला सांगणार कोण? डॉक्टरांना सवड नसते. मन मोकळं होतं ते सिस्टरपाशी. तेव्हा आपल्या नर्स-भगिनींनो, पट्टी बांधता बांधता एवढं विचाराच, "दादा, व्हिसाचं नूतनीकरण कधी? मालकाने विमा उतरवलाय ना?"