जुन्या रंगाची धूळ

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू आणि प्रवासी वाहनांना दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘पासिंग’ची तारीख जवळ आली की छत्रपती संभाजीनगरातील डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे गजबजू लागतात. दसऱ्याच्या तोंडावर त्यात खासगी गाड्यांची भर पडते. नवा रंग पत्र्याला धरावा म्हणून आधी जुना घासावा लागतो. हे काम अनेकदा रस्त्याच्या कडेला, तोंडाला साधा रुमाल बांधून चालते. त्या वेळी उडणाऱ्या धुळीत काय असते, याचा विचार गाडीमालक करत नाही आणि कारागिरालाही कुणी सांगत नाही.

या धुळीत शिसे असू शकते. पिवळा आणि नारिंगी रंग देणारे लेड क्रोमेट ऊन-पावसात टिकते, पत्रा चांगला झाकते आणि स्वस्त पडते. त्यामुळे वाहने आणि यंत्रांच्या रंगांत ते वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यात शिशाबरोबर कर्करोगकारक क्रोमियमही असते. जुन्या ट्रकवर किंवा ट्रॅक्टरवर आजवर कोणते रंग किती थरांत चढले, हे सहसा कुणालाच ठाऊक नसते. सगळे थर एकदमच हवेत उडतात.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये रंगांतील शिशावर मर्यादा घातली. १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला रंग विकता येत नाही. पण हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. वाहनांचे आणि औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. म्हणजे घराच्या भिंतीला जे संरक्षण मिळाले, ते दारात उभ्या असलेल्या टेम्पोला नाही.

शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात कळा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, रक्तक्षय ही त्याची लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की औषध पित्ताचे दिले जाते आणि शिसे हाडांत साठत राहते. धूळ कपड्यांवरून घरीही जाते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात आणि त्याचा घाव त्यांच्या वाढत्या मेंदूवर बसतो. ज्या घरातील मुलांत लोह आणि कॅल्शियम कमी, तेथे धोका आणखी मोठा.

घासण्याऐवजी रिमूव्हर लावून रंग फुगवून काढण्याची पद्धतही निर्धोक नाही. काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद जागेत आणि खड्ड्यात साचते. शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी आणली.

उपाय महाग नाहीत. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर पत्र्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. वरचा थर खरखरीत केला की पुरते. पत्रा उघडा करायचा तो गंज आणि पोपडे असतील तिथेच. कोरडे घासण्यापेक्षा वॉटर पेपरने ओले घासावे. पाणीटंचाईच्या या शहरातही त्याला थोडे पाणी पुरते. उरलेला गाळ मात्र गटारात सोडू नये. तो नाल्यांतून खाम नदीकडे जातो. धुळीसाठी एन-९५ मास्क चालतो, पण रिमूव्हर आणि थिनरची वाफ तो अडवत नाही. त्यासाठी कार्बनची डबी असलेला मास्क लागतो. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत.

मोटारींच्या मोठ्या कारखान्यांत रंगकाम हवा शोषून घेणाऱ्या बंद कक्षात होते. वाळूज आणि शेंद्र्यामुळे वाहननगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात कोपऱ्यावरच्या गॅरेजमधील मुलाच्या नाकासमोर मात्र रुमालच आहे. शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्यातच नोंदवण्याजोगा आजार ठरली. पण तीन-चार कामगारांचे गॅरेज कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. त्यामुळे त्याची नोंद होत नाही आणि नोंद नाही म्हणून आजारच नाही, असे मानले जाते.

केंद्राने शिशाची मर्यादा वाहनांच्या आणि औद्योगिक रंगांनाही लावली पाहिजे. महापालिका आणि आरोग्य विभागाने गॅरेज कामगारांच्या रक्तातील शिशाची तपासणी सुरू करावी. तोवर गाडीमालकांनीही एक करावे. रंगाच्या दरावरून घासाघीस करताना मास्कचे आणि ओल्या घासकामाचे पैसे कापू नयेत.