धर्मसभेत देवाने गप्प बसावे

लांबलचक कॅम्पेन चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गेम मास्टरला कधी ना कधी धर्मसभा भरवायची हुक्की येते. राज्यात दोन पंथ असतात, टेबलावर एक क्लेरिक आणि एक पॅलडिन असतो, शिवाय देवाचे नाव काढले की नाक मुरडणारा एखादा विझार्डही असतोच. मग या सगळ्यांना एका मंडपात बसवून बोलते का करू नये? तयारी झकास होते. पंथांचे इतिहास लिहिले जातात, प्रार्थना रचल्या जातात, मेणबत्त्याही येतात. पण प्रत्यक्ष सभा सुरू झाली की अर्ध्या तासात तिची गत ठरलेली. एक तर कोणीतरी ‘मी पर्स्वेशन रोल करतो’ म्हणत फासा टाकतो आणि हजार वर्षांचा वाद एका आकड्यावर मिटतो. नाही तर दोन बोलके खेळाडू आंतरमहाविद्यालयीन वादस्पर्धेत उतरल्यासारखे एकमेकांना भिडतात आणि बाकीचे हळूच मोबाइल काढतात.

मग खापर खेळाडूंवर फुटते. ‘आपल्याकडे रोलप्ले करणारी मंडळीच नाहीत,’ ही तक्रार आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. आम्हाला ती मान्य नाही. सभा फसते ती बहुतेकदा खेळाडू येण्याआधी, गेम मास्टरच्या वहीत. चर्चेला घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या जगाला आधीच ठाऊक असते, किंवा उत्तर काहीही आले तरी कोणाचे काही अडत नाही.

ठाऊक असण्याची अडचण नियमांतच आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पाचव्या पातळीचा ‘कम्यून’ मंत्र हाती आला की क्लेरिक आपल्या देवाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला हो-नाही उत्तराचे तीन प्रश्न विचारू शकतो. ‘फरगॉटन रेल्म्स’च्या इतिहासात तर १३५८ साली देवांना देवलोकातून खाली ढकलले गेले आणि ते देह धरून जमिनीवर हिंडले. ज्या गावाच्या आजोबांनी देव पाहिला आहे, तिथे देव आहे की नाही यावर सभा भरवणे म्हणजे वेळेचा अपव्यय. गेम मास्टर देवाच्या आवाजात एक वाक्य बोलला की सभा बरखास्त!

‘एबेरॉन’चा मोठेपणा इथे कळतो. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने २००२ साली नव्या जगासाठी स्पर्धा घेतली, अकरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि त्यांतून कीथ बेकर यांची कल्पना निवडली गेली. २००४ साली पुस्तक आले. या जगात देव कधी प्रकटत नाहीत. मंत्र मात्र चालतात, आणि ते लबाड पुरोहिताचेही चालतात. त्यामुळे हातातून उजेड निघाला म्हणून कोणी खरा ठरत नाही. सॉव्हरिन होस्टचा भक्त, सिल्व्हर फ्लेमचा अनुयायी आणि दिव्यत्व आपल्याच रक्तात आहे असे मानणारा ब्लड ऑफ व्होलचा माणूस, तिघांचेही मंत्र लागू पडतात आणि तिघेही एकमेकांना चुकीचे समजतात. वादाला लागते ती जमीन ही.

तुमचे जग एबेरॉन नसेल तर ते बदलायची गरज नाही, प्रश्न बदला. देव आहे का, कोणाचा देव थोर, हे विषय सोडून द्या. देवाची आज्ञा सर्वांना मान्य असू दे. ती आज, या माणसाला, या प्रसंगी लागू होते का, एवढेच विचारा. आणि सभा चालू असेपर्यंत देवाने काही बोलायचे नाही, ही अट गेम मास्टरने स्वतःवर घालून घ्यावी. कम्यूनचे काय, असे कोणी विचारेलच. सभेच्या आदल्या रात्री तो मंत्र टाकू द्या. हो-नाहीत न मावणारा प्रश्न निवडला असेल तर तीन उत्तरांनी वाद मिटणार नाही, उलट पेटेल.

दुसरी अडचण कोणाचे काही न अडण्याची. यावर उत्तम उत्तर ब्रिटनमधल्या ‘एम्पायर’ या लार्पने दिले आहे. ‘प्रोफाउंड डिसिजन्स’ ही संस्था २०१३पासून ते चालवते; खेळाडू तंबू ठोकून राहतात आणि पात्रात राहून साम्राज्याचा कारभार हाकतात. त्यांच्या धर्मात देवच नाही. महत्त्वाकांक्षा, धैर्य, निष्ठा, अभिमान, समृद्धी, सावधता आणि शहाणपण असे सात सद्गुण आहेत, आणि पुरोहितांची सिनड नावाची सभा आहे. सिनडपुढे ठराव येतात, त्यांवर मतदान होते. कोणाला सद्गुणाचा आदर्श म्हणून मान्यता द्यायची, कोणाला बहिष्कृत करायचे, हे त्या मतांवर ठरते आणि पुढच्या खेळात ते लागू राहते. त्यामुळे तिथे प्रवचनाला उभा राहिलेला खेळाडू मते मागायला उभा असतो. ऐकणाऱ्यालाही ऐकावे लागते, कारण मत त्याच्या हातात आहे. आपल्या पाच-सहा जणांच्या टेबलाने एवढे तरी उचलावे: सभेच्या शेवटी एक लेखी ठराव हवा, आणि तो कोणाला तरी महाग पडायला हवा.

उदाहरण घेऊ. कॅम्पेन एबेरॉनच्या शार्न शहरात आहे. साल ९९८; महायुद्ध संपून दोन वर्षे झाली आहेत. युद्धासाठी लाकूड, दगड आणि धातूतून घडवलेल्या वॉरफोर्ज्डना थ्रोनहोल्डच्या तहाने व्यक्ती म्हणून मान्यता दिली आहे. ती कायद्याची झाली. धर्माचे काय? ‘वॉरफोर्ज्डला आत्मा असतो का’ असा विषय ठेवलात तर सभेचा तत्त्वज्ञानाचा तास होईल. त्याऐवजी असे करा. सिल्व्हर फ्लेमच्या एका छोट्या देवळात वर्षभर दिवाबत्ती करणारा वॉरफोर्ज्ड मेला आहे. श्रद्धावंताचा आत्मा मृत्यूनंतर ज्योतीत मिळतो असे हा पंथ मानतो. त्याला देवळाच्या भूमीत पुरायचे, की ज्या हाउस कॅनिथने त्याला घडवले त्यांच्या ताब्यात द्यायचे? निर्णय सूर्यास्तापूर्वी हवा, कारण कॅनिथची गाडी दाराशी उभी आहे.

आता प्रत्येक खेळाडूला तीन ओळींची चिठ्ठी द्या. पहिल्या ओळीत पात्राची श्रद्धा, दुसरीत आज त्याला हवे असलेले, तिसरीत त्याचे मत कशाने फिरेल ते. देवळाच्या पुजाऱ्याची चिठ्ठी अशी: ‘ज्योत सर्वांना सामावते. दफन गुपचूप उरकावे, वरिष्ठांच्या कानावर जाऊ नये. कोणी बघत नसतानाही तो प्रार्थना करत असे याचा साक्षीदार मिळाला, तर वरिष्ठांनाही तोंड देईन.’ युद्धात मुलगा गमावलेल्या बाईची: ‘ज्योत न्यायी आहे. माझ्या मुलाशेजारी त्याला जागा नको. मुलाचे नाव त्याला ठाऊक होते असे कळले, तर विरोध सोडेन.’ कॅनिथच्या मुनिमाची: ‘घडवलेली वस्तू घडवणाऱ्याची. देहाच्या आत काय आहे ते कोणी उघडून पाहू नये. मालकांनी मलाही अंधारात ठेवले असेल, तर त्यांची बाजू सोडेन.’

यातली तिसरी ओळ बहुतेक गेम मास्टर लिहीत नाहीत. ती नसेल तर सभेत फक्त भूमिका मांडल्या जातात, हलत काहीच नाही. ती असेल तर समोरच्याला नेमके कशाने हलवता येईल याचा शोध सुरू होतो, आणि तो शोध घ्यायला फर्डे वक्तृत्व लागत नाही. मितभाषी खेळाडूही मधल्या सुट्टीत त्या बाईशेजारी जाऊन बसू शकतो. म्हणून सभेला मधली सुट्टी द्याच. खरे सौदे तिथेच होतात.

कार्यपद्धतीसाठी इतिहासात उत्तम नमुना आहे. मे १२५४मध्ये मंगोल सम्राट मोंगके खानाने काराकोरममध्ये ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध पंडितांचा वाद घडवला. फ्रान्सिस्कन साधू विल्यम ऑफ रुब्रुक त्यात बोलला आणि त्यानेच वृत्तांत लिहिला. खानाने तिन्ही धर्मांचा एकेक असे तीन पंच नेमले, आणि भांडणाचे किंवा अपमानाचे शब्द काढणाऱ्याला देहदंड फर्मावला. आधी कशावर बोलायचे यावरच पहिली चकमक झाली: बौद्ध पंडिताला सृष्टीची उत्पत्ती किंवा मेल्यानंतर आत्म्याचे काय होते हा विषय हवा होता, विल्यमला ईश्वरापासून सुरुवात. तो निवाडा पंचांनी केला. त्याहून मजेची गोष्ट वादाआधीची. विल्यमने आपल्या बाजूच्या नेस्टोरियन पुरोहितांबरोबर तालीम केली आणि विरोधकाची भूमिका स्वतः घेतली. ईश्वर आहे हे सिद्ध करा, म्हणाला. त्यांना धर्मग्रंथातली वचने सांगण्यापलीकडे काही जमेना, आणि समोरचा तो ग्रंथच मानणार नव्हता. पात्रात शिरून सराव करण्याचा हा धडा आजही जसाच्या तसा वापरावा. सेशनच्या आधी प्रत्येकाने पाच मिनिटे विरुद्ध पंथाची बाजू मांडायची.

पंचांच्या हातात काय द्यायचे, याचे उत्तर आपल्या घरात आहे. न्यायसूत्रांत २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत, म्हणजे वादात माणूस कुठे हरला असे धरायचे त्या जागा. सगळी नकोत, पाचांची कार्डे पुरेत. प्रतिज्ञाहानी म्हणजे स्वतःचाच मुद्दा हातचा सोडणे, अर्थांतर म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणे, पुनरुक्त म्हणजे तेच ते उगाळणे, अप्रतिभा म्हणजे उत्तर न सुचणे. पाचवे मतानुज्ञा, आपल्यावरचा आक्षेप न खोडता ‘तुमच्यातही तेच’ म्हणून उलटवणे. आपल्या टेबलांवर सर्वाधिक उंचावले जाईल ते हेच कार्ड. पंच खेळाडूच असावेत. तीन कार्डे पडली की त्या पात्राची पाळी संपली. बोलक्या खेळाडूला गेम मास्टरने गप्प केले तर तो रुसतो, पंचाने पात्रात राहून कार्ड दाखवले तर तो खेळ होतो.

फासे कुठे वापरायचे? युक्तिवादाच्या आधी, त्याच्या जागी कधीच नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत ‘रिलिजन’ हे बुद्धीवर आधारलेले कौशल्य आहे, म्हणजे ते भक्ती मोजत नाही, माहिती मोजते. रोल यशस्वी झाला तर खेळाडूला शास्त्रातला एक दाखला लिहून द्या. वापरायचा कसा ते तो बघेल. पर्स्वेशनचा रोल मंडपातल्या गर्दीवर चालावा, दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर नाही. ‘झोन ऑफ ट्रुथ’ साक्षीदाराच्या जागेपुरता आखून ठेवा: त्यात जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, पण गप्प बसता येते, आडवळणाने उत्तर देता येते. चार्मचे मंत्र सभेत निषिद्ध, आणि ते पकडणारा पहारेकरी दाराशी.

गर्दी आणि लेखनिक यांना शोभेची पात्रे समजू नका. १८५७च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. त्यांचा इंग्रजी वृत्तांत त्याच साली छापला तो प्रतिपक्षातले जॉर्ज बोवेन यांनी. काराकोरमचे तेच झाले. आपल्याला ती सभा दिसते ती एका वादपटूच्या नजरेतून. सभेत कोण काय बोलले याहून नोंद कोणी केली हे अनेकदा जास्त टिकते. टेबलावरच्या सर्वांत शांत खेळाडूला लेखनिक करा. त्याने लिहिलेला ठराव पुढच्या सेशनला अधिकृत धरला जाईल असे आधीच जाहीर करा. मग लाच द्यायला सगळे त्याच्याकडेच येतील.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. टेबलावर बसलेल्यांच्या घरी देव्हारे आहेत, नमाज आहे, नास्तिक्यही आहे. खऱ्या पंथाला कल्पित पंथाचा पातळ मुखवटा चढवून कोणाची टवाळी करणे हा खेळ नाही. आडनावावरून जात हुंगण्याची खोड असलेल्या समाजात कल्पित पंथातली शिवाशिवही बोचते. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेल्या ‘लाइन्स अँड व्हेल्स’, म्हणजे खेळात काय अजिबात येणार नाही आणि काय पडद्याआड राहील याची यादी, सेशन झिरोमध्ये करून घ्या. जॉन स्टाव्रोपोलस यांचे एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवा. ते उचलले गेले की कारण न विचारता प्रसंग पुढे न्या. सभा संपल्यावर दहा मिनिटे पात्राबाहेर गप्पा मारा आणि एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारा. मगाशी पाखंडी ठरवलेल्या मित्रासोबत चहा पिऊनच घरी जायचे.

काराकोरमच्या वादाने कोणाचेही धर्मांतर झाले नाही. सगळे संपल्यावर गाणी झाली, मंडळी भरपूर प्यायली आणि पांगली. तुमच्या धर्मसभेतही कोणी कोणाचा धर्म बदलेल ही अपेक्षा सोडा. ठराव झाला का, आणि त्याने गावात काय बदलले, एवढेच पाहा. आमची विनंती इतकीच: पुढची सभा ठरवाल तेव्हा पंथांचे इतिहास लिहायच्या आधी एका कागदावर दोन ओळी लिहा. ठराव मंजूर झाला तर दुसऱ्या सकाळी कोणाच्या दाराला कुलूप लागेल, आणि फेटाळला तर कोणाच्या. त्या दोन ओळी सुचत नसतील, तर सभा पुढे ढकला.